पाचारणाआधीची वर्षं

आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये साक्ष सांगण्याची एक चाल पडून गेली आहे. माणूस पुढे येतो, देवाची स्तुती करतो, दोन वाक्यांत मागचं आयुष्य उरकतो आणि थेट त्या दिवसावर येतो. प्रार्थनासभेत, दवाखान्याच्या खाटेवर किंवा शेताच्या बांधावर प्रभूने हाक मारली तो दिवस. तारीख, वार, त्या वेळी कोणता उतारा वाचला जात होता, सगळं तोंडपाठ असतं. त्याआधीची तीस-चाळीस वर्षं मात्र ‘मी अंधारात होतो’ एवढ्यातच आटोपतात. त्या अंधारात त्याने खामगावच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहिलेल्या असतात, ऊसतोडीच्या टोळीबरोबर हंगाम काढलेले असतात, सावकाराच्या ओट्यावर बापाला हात जोडताना पाहिलेलं असतं. ऐकणाऱ्यांना यातलं काही कळत नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते सांगण्याजोगं वाटत नाही.

ही प्रस्तावना अजून न लिहिलेल्या एका पुस्तकाची आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली ज्यांनी सेवेत आयुष्य घातलं, त्या पाळकांच्या, पाळकीणबाईंच्या, बायबलबायांच्या, मिशनच्या शाळांतल्या मास्तरांच्या आणि दवाखान्यांतल्या परिचारिकांच्या साक्षी गोळा करून छापाव्यात, असं मनात आहे. प्रस्तावना सहसा शेवटी लिहितात. इथे ती आधी लिहितो आहे, कारण काय विचारायचं हे आधी ठरलं नाही तर पुन्हा त्याच दोन वाक्यांच्या साक्षी हाती येतील. माझं म्हणणं असं की पाचारण कोऱ्या पाटीवर येत नाही. देव ज्या कामाला बोलावतो त्याची तालीम पुष्कळदा आधीच झालेली असते, आणि ती ज्या वर्षांत झाली नेमकी तीच वर्षं आपण साक्षीतून गाळतो.

पवित्र शास्त्र ती गाळत नाही. मोशे मिसरातून पळाला तेव्हा चाळीस वर्षांचा होता आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशीचा. मधली चाळीस वर्षं त्याने मिद्यानात सासऱ्याची मेंढरं वळली. राजवाड्यात वाढलेल्या पोराचं वाटोळं झालं, असंच कुणीही म्हटलं असतं. पण ज्या होरेब डोंगरापाशी तो कळप घेऊन जात होता, त्याच डोंगरापाशी पुढे त्याला अख्खी प्रजा घेऊन जायचं होतं. रानातलं पाणी आणि रानातला धीर या दोन्ही गोष्टी राजवाड्यात शिकायला मिळत नाहीत. दावीदाला शौलाने आपलं चिलखत चढवलं, ते त्याने उतरवून ठेवलं आणि मेंढरं राखताना हाताला बसलेली गोफण घेतली. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट कुठल्याही भाष्यकारापेक्षा लवकर कळते. तकोवाचा आमोस गुराखी होता, उंबरांची झाडं राखायचा. पौल तंबू शिवायचा, आणि करिंथात त्याच धंद्याने त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरात जागा मिळवून दिली. खुद्द प्रभू येशूची सेवा साडेतीन वर्षांची मानतात. तिच्याआधी नासरेथात सुताराच्या घरची तीस वर्षं आहेत, आणि त्यांवर आपण वर्षातून एकदासुद्धा उपदेश ऐकत नाही.

पण शास्त्रातली माणसं पुष्कळांना फार दूरची वाटतात, म्हणून आपल्या भाषेतलं एक आयुष्य जरा सावकाश पाहू.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आईने रमेला शिकवलं. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरत राहिलं. घर नाही, गाव नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून भागवत वाचायचं आणि ऐकणारे देतील त्यावर जगायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर थोरली बहीणही गेली. हे सगळं रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातला एक प्रसंग वाचताना माझा हात दरवेळी पानावर थांबतो. आई मरणाला टेकलेली, आणि तिच्यासाठी शेजारच्या घरी काहीतरी मागून आणायला रमा गेलेली. दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. पुराणिकाची मुलगी, मागायची सवयच नव्हती. त्या घरच्या बाईनेच चेहरा पाहून ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो आईच्या घशाखाली उतरला नाही.

त्यानंतर रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास उत्तरेकडे चालत राहिले. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी कोरड्या वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ती दोघं कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये नवराही गेला. मांडीवर लेक मनोरमा. २३ वर्षांच्या वयात या बाईने एवढी मरणं पाहिली होती.

बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. रमाबाईंच्या पाचारणाची गोष्ट पुष्कळ जण इथेच संपवतात: ख्रिस्ती झाल्या, शाळा काढली, झालं. मला वाटतं, खरी हाक अजून यायचीच होती.

ती १८९६-९७ मध्ये आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या. सदनाची जबाबदारी डोक्यावर, हाताशी पैसा नाही. जाऊ नये म्हणायला कारणं भरपूर होती. पण भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्या गेल्या, आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, या मुलींना शहरात ठेवता येईना. शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला त्यांनी आधीच शंभरेक एकर माळरान घेतलं होतं, फळझाडं लावायला. त्या माळावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. जमीन घेतली तेव्हा रमाबाईंच्या मनात बाग होती. तिथे पुढे दीड हजारांच्या वर माणसं राहतील, हे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता त्या भाकरीच्या तुकड्याकडे पुन्हा पाहा. ज्या मुलीला मागता येईना, तिचा चेहरा वाचून न मागता देणारी एक बाई तिने पाहिली होती. दुष्काळी छावणीच्या कडेला गुपचूप बसलेल्या, हात पुढे न करणाऱ्या मुली रमाबाईंना दिसत होत्या. इतर पाहणाऱ्यांना फक्त गर्दी दिसत असावी. आणि जातीची भिंत? १८८९ मध्ये त्यांनी संस्था काढली ती वरच्या जातींच्या विधवांसाठी. दुष्काळाने आणलेल्या मुली सगळ्या जातींच्या होत्या. उपाशी माणसाची जात किती वेळ टिकते, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं होतं.

पुराणिकपणाचंही असंच झालं. लहानपणी पाठ केलेल्या भागवताच्या हजारो श्लोकांना ख्रिस्ती झाल्यावर काय अर्थ उरला, असं कुणालाही वाटेल. पण न शिकलेल्या श्रोत्यांपुढे जड ग्रंथ सोपा करून सांगायचा, हा त्यांचा घरचा व्यवसाय होता. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. हे काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रमाबाई आपल्या जिल्ह्याच्या नव्हत्या, हे खरं. पण त्यांचा धागा वऱ्हाडापर्यंत येतो. जेनी फुलर या अलायन्स मिशनच्या बाईंनी वऱ्हाडात, अकोटकडे, बरीच वर्षं काम केलं आणि इथल्या स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९०० मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे. त्याच सुमारास १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर आला. १८९१ मध्ये वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं होती. १९०१ मध्ये मोजली तेव्हा २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत माणसं वाढायची, ती घटली. अलायन्स मिशनने मुलांना अकोल्यात आणि मुलींना खामगावात आसरा दिला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं; १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडलं गेलं. जुने अहवाल चाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर शोध चुकीच्या जिल्ह्यात चालू राहतो.) बुलढाणा गावात नाझरीन मंडळीचं कामही याच काळातलं. दुष्काळात वाचलेल्या मुलामुलींतूनच आपल्याकडच्या पहिल्या बायबलबाया, शिक्षिका आणि प्रचारक पुढे आले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः काही लिहिलं नाही. मिशनच्या अहवालांत ते आकड्यांत आहेत, फार तर एका नावात. हे पुस्तक व्हावं असं वाटण्याचं अर्धं कारण हेच.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. उपाशी लेकराला अन्न देणाऱ्याचा धर्म त्या लेकराने घेतला, तर ती निवड कितपत त्याची? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, रमाबाईंनाही विचारला गेला, आणि शारदा सदनावर पुण्यात काहूर उठलं ते धर्मांतराच्याच मुद्द्यावर. ज्यांनी विचारला ते सगळे द्वेषाने विचारत होते असं मी म्हणणार नाही. जे मोठे झाल्यावर, पोट भरलेलं असताना, स्वतःच्या पायावर उभे राहूनही त्याच सेवेत राहिले, त्यांची साक्ष या प्रश्नाचं काही उत्तर देते. जे निघून गेले त्यांचीही साक्ष आपल्याला हवी आहे, आणि ती आपण कधीच घेतलेली नाही.

दुसरी अवघड गोष्ट याहून जवळची आहे. ‘देवाने तुला तयार करण्यासाठीच हे दुःख दिलं’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार सैल तोंडाने बोललं जातं. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. ज्या घरात नवऱ्याने विष घेतलं त्या घरात जाऊन बाईला ही तयारी आहे म्हणून सांगणारा पाळक ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीला बसतो. १८९९ च्या दुष्काळात जी लेकरं मेली, ती जगलेल्यांच्या आत्मिक शिक्षणासाठी मेली नाहीत. रमाबाईंची आई रमाबाईंच्या पाचारणासाठी मेली नाही.

मग तयारी म्हणायचं कशाला? योसेफाची गोष्ट यावर नेमकं बोट ठेवते. तुम्ही वाईट योजलं, देवाने त्याचं चांगलं केलं, अशा अर्थाचं बोलणं उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात येतं, आणि ते योसेफाच्या तोंडी आहे. खड्ड्यात टाकलं गेल्यावर, गुलामीत, तुरुंगात, तो ते बोलला नाही. सगळं पार पडल्यावर, भाऊ समोर आल्यावर बोलला. हेच वाक्य भावांनी उच्चारलं असतं तर ती शुद्ध निर्लज्जता ठरली असती. दुःखाला अर्थ आहे असं म्हणण्याचा हक्क ज्याने ते सोसलं त्याचा आहे, आणि तोही त्याला म्हणावंसं वाटेल तेव्हा. दुसऱ्याच्या वतीने तो अर्थ काढायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. देव दुष्काळ पाडून शिक्षक घडवतो असं मी मानत नाही. दुष्काळातून जे उरलं त्यातलं काहीही तो फेकून देत नाही, एवढंच मानतो.

आणि उरलेलं नेहमी दुःखच असतं असंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्यापायी घर हैराण असायचं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. त्या सोवळ्याचा जाच त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त पोट धरून हसायला लावत सांगितला आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरीच वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. सोवळं किती पोकळ असू शकतं हे त्यांना बालपणीच कळलं होतं, आणि ते ज्याला सुटत नाही त्याची कीवही कळली होती. म्हणून त्यांच्या लिखाणात जुन्या माणसांबद्दल कडवटपणा नाही. हा गुण उपदेशकांच्या शाळेत शिकवता येत नाही. खुद्द टिळकांकडे कीर्तनाचा आणि अभंगाचा संस्कार होता. तो त्यांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन टाकला असता, तर मराठी उपासनेत आज आपण काय गात असतो देव जाणे.

मागे एका तरुणांच्या शिबिरात चिखलीकडचा एक मुलगा संध्याकाळी मागे थांबला. म्हणाला, “पाळकसाहेब, सगळे म्हणतात आवाज आला, आवाज आला. मले तं काही आवाजगिवाज आला नाही. म्हणजे माहं काही खरं नाही का?” मी त्याला आवाजाबद्दल काही बोललो नाही. घरी कोण कोण आहे विचारलं. वडिलांना लकवा झालेला, अंथरुणाला खिळलेले. हा मुलगा दहावीपासून त्यांचं सगळं करत होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं, खाऊ घालताना मानेखाली हात कुठे द्यायचा, चिडलेल्या आजारी माणसाशी किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे तो मला अशा सहजतेने सांगत होता की शिबिरातली तीन व्याख्यानं मला फिकी वाटली. पुढे तो सेमिनरीत गेला नाही. परिचर्येचं शिक्षण घेऊन दवाखान्यात लागला. त्याच्या मंडळीत आजही काही जण म्हणतात, पोरगा सेवेत येता येता राहिला. मला हे पटत नाही. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ पासून आपल्या शेजारी उभं असताना आपण अजून पाळकाच्या कामालाच तेवढं पाचारण म्हणतो, ही आपली चूक आहे.

तरीही आधीचं आयुष्य म्हणजे आपोआप तयारी, असं समजू नये. एकाच दुष्काळाने एकाला मऊ केलं आणि दुसऱ्याला मुठी आवळायला शिकवलं. सावकारापुढे बापाला वाकलेला पाहून एक पोरगा मोठेपणी गरिबाची बाजू घेतो, दुसरा स्वतः सावकार होतो. पौल करिंथकरांना लिहितो की देवाकडून मिळालेलं सांत्वन दुसऱ्यांना देण्यासाठी असतं. मिळालेलं कुणी पुढे दिलंच नाही, तर तयारीचा प्रश्नच उरत नाही. शिवाय हे एकट्याला ओळखता येत नाही. दिमिष्काच्या वाटेवर जे घडलं त्यानंतर याच पौलाला हनन्याच्या हाताची गरज पडली, आणि पुढे बर्णबा नसता तर यरुशलेमेत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. तुझ्या हाताला हे काम बसलेलं आहे, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. मंडळी त्यासाठीच असते. तिच्या जमाखर्चाच्या आणि निवडणुकांच्या भांडणांत हे काम मागे पडतं, ही आपली जुनी रड आहे. तिच्यावर वेगळं पुस्तक होईल.

तर आता कामाचं. साक्ष लिहून घ्यायला जाल तेव्हा पाचारणाचा दिवस शेवटी विचारा. आधी गाव आणि तालुका विचारा, घरचा धंदा विचारा, हाताला कोणतं काम बसलं होतं ते विचारा, कोणत्या वर्षी पाऊस गेला आणि घरात काय शिजलं ते विचारा. कोणतं दुःख अजून दुःखच आहे, तेही विचारा, आणि त्याला अर्थ चिकटवू नका. बोलणाऱ्याची बोली तशीच ठेवा. घाटावरची आणि घाटाखालची, दोन्ही. म्हाताऱ्या पाळकांपेक्षा आधी त्यांच्या बायकांकडे जा, कारण त्यांना कुणी कधी साक्ष विचारलेलीच नसते. हे सगळं पुढच्या नाताळपर्यंत टाळत बसू नका. सांगणारे ऐंशीच्या पुढे गेले आहेत.